काल आला होता, पण वेल आली नव्हती!

(तृतीय वर्ष कला, मराठी)

गेल्या वर्षीची गोष्ट. आंतरमहाविद्यालयीन एकांकिका स्पर्धेसाठी आमच्या तालमी सुरू झाल्या होत्या. वाचनाचा पहिलाच दिवस. संहितेच्या प्रती काढायला वेळ नव्हता म्हणून ती प्रत्येकाच्या मोबाइलवर पाठवली होती. आजोबांची भूमिका करणारा प्रथम वर्षाचा विद्यार्थी उभा राहिला, त्याने घसा खाकरला आणि अत्यंत गंभीर आवाजात वाक्य टाकले, "काल आला होता, पण वेल आली नव्हती!"

क्षणभर शांतता. मग जो हशा उसळला तो पाच मिनिटे थांबेना. कोणी "कोणती वेल रे, भोपळ्याची की काकडीची?" असे विचारले, तर कोणी "काल कोण आला होता ते तरी सांग" म्हणून त्याला भंडावले. मीही पोट धरून हसले, हे प्रामाणिकपणे कबूल करते. तो बिचारा कानकोंडा होऊन एवढेच म्हणाला, "जसं लिहिलंय तसंच वाचलं मी."

घरी जाताना बसमध्ये त्याचे हे उत्तर माझ्या मनात घोळू लागले आणि हसू मावळले. खरोखरच, त्याचे काय चुकले होते? संहिता मराठी होती, पण लिहिली होती रोमन अक्षरांत. के, ए, एल. आता हे 'काल' की 'काळ', 'कळ' की 'कल'? व्ही, ई, एल. ही 'वेळ' की 'वेल'? कागदावरून सांगता येणे शक्यच नव्हते. आम्ही जे हसलो ते आम्हाला ती म्हण आधीच पाठ होती म्हणून. इंग्रजी माध्यमात वाढलेल्या त्या मुलाच्या कानांवर ती कधी पडलीच नव्हती. म्हणजे आम्ही वाचत नव्हतोच. आम्ही आठवत होतो. वाचत होता तो एकटा, आणि हसे झाले ते त्याचेच!

मित्रहो, हा लेख त्या एका वाक्याविषयी आहे. मराठी रोमन अक्षरांत लिहिण्याची जी सवय आपणा सर्वांना जडली आहे, तिच्याकडे थोडे थांबून पाहावे, एवढीच माझी विनंती.

प्रथम एक गैरसमज दूर करते. रोमन अक्षरांत मराठी लिहिणे हे मोबाइलचे पाप आहे असे आपले काही वडीलधारे समजतात. तसे नाही. ही गोष्ट चारशे वर्षांची जुनी आहे. १५७९ साली इंग्लंडातून गोव्यात आलेल्या फादर थॉमस स्टीफन्स यांचे 'क्रिस्तपुराण' आपल्यापैकी पुष्कळांना अभ्यासात भेटले असेल. जवळजवळ अकरा हजार ओव्यांचा हा मराठी ग्रंथ १६१६ साली गोव्यात रायतूर येथे छापला गेला, तो रोमन अक्षरांत. का? मराठीविषयी अनादर होता म्हणून नव्हे. मराठीची थोरवी ज्या प्रेमाने या परदेशी माणसाने गायिली तसे प्रेम आपल्यात क्वचित आढळते. कारण साधे होते. छापखान्यात नागरीचे खिळे नव्हते. इथल्याच लिपीत पुस्तके छापावीत अशी स्टीफन्स यांचीही इच्छा होती, १६०८ च्या एका पत्रात त्यांनी ती कळविलीही होती. पण जोडाक्षरे आणि काना-मात्रा धरून साचे शेकड्यांनी पाडावे लागणार. ते काही घडले नाही.

परिणाम काय झाला? १६१६, १६४९ आणि १६५४ अशा तीन आवृत्त्या निघाल्या, पण त्यांतली एकही प्रत आजवर हाती लागलेली नाही. १९०७ साली मंगळूरला निघालेली आवृत्तीही रोमन अक्षरांतच होती. शांताराम बंडेलू यांनी संपादिलेली नागरी आवृत्ती पुण्यात निघाली ती १९५६ साली. म्हणजे तीनशे चाळीस वर्षे हा मराठी ग्रंथ मराठी वाचणाऱ्या सामान्य माणसाच्या जवळजवळ हाती नव्हताच. भाषा त्याची, ओवी त्याची, पण अक्षराच्या दाराला कुलूप! मराठीच्या विद्यार्थ्यांनी या आकड्यावर क्षणभर विचार करावा.

आता आपल्या काळाकडे येऊ. आपल्यालाही रोमनची सवय लागली ती अडचणीतूनच. सुरुवातीच्या मोबाइलवर नागरी अक्षरे नव्हती. जेव्हा आली तेव्हाही एक गोम होती. रोमन अक्षरांतल्या एका एसएमएसमध्ये १६० अक्षरे मावत. नागरीत लिहिले तर फक्त ७०, आणि त्यांत काना, मात्रा, वेलांटीही प्रत्येकी एकेक जागा अडवणार. म्हणजे तोच मजकूर मराठीत पाठवायचा तर पैसे दुप्पट-तिप्पट! आपल्या आईवडिलांच्या पिढीने तेव्हा रोमनचा आसरा घेतला, तर त्यांना दोष देता येणार नाही. रायतूरच्या छापखान्यात खिळे नव्हते, यांच्या खिशात पैसे नव्हते.

पण आज कोणती अडचण आहे? निरोपाला अक्षरागणिक पैसे पडत नाहीत. प्रत्येक फोनमध्ये नागरी कळफलक आहे. ज्याला तो जमत नाही त्याने बोलावे, यंत्र लिहून देते. एवढेच काय, रोमन कळा दाबून नागरी अक्षरे उमटवण्याची सोय आहे. मी स्वतः हा लेख तसाच लिहिला आहे. बोटांनी रोमन चालवा, माझी काही तक्रार नाही. वाचणाऱ्याच्या डोळ्यांना मात्र नागरी दिसू द्या! अडचण गेली आणि सवय उरली, अशी आपली गत झाली आहे. पाय बरा झाल्यावरही कुबड्या घेऊन चालावे, तसे.

आपण काय गमावतो याचा थोडा हिशेब मांडू. एम, ए, एल, ए असे लिहा. ते 'मला', 'मळा', 'माळा' की 'माला'? टी, ए, एल लिहा. तो 'ताल', 'टाळ', 'तळ' की 'टाळा'तला कानाच गळलेला? बी, ए, एल मध्ये 'बळ', 'बाळ' आणि 'बाल' एकाच चटईवर झोपतात. त आणि ट, द आणि ड, न आणि ण, ल आणि ळ हे भेद मराठीचा कणा आहेत. तेच रोमनमध्ये आधी पडतात. आपल्या जुहूला येणाऱ्या पाहुण्यांना याचा प्रसाद रोज मिळतो. विलेपार्ले स्थानकावरचे रोमन अक्षरांतले नाव इंग्रजी वळणाने वाचा. ते 'वाइल पार्ले' होते, आणि 'वाइल' म्हणजे इंग्रजीत नीच! ठाण्याचे 'थेन' होते. 'शीव'चे तर 'सायन' होऊन इतकी वर्षे झाली की मूळ नाव सांगितले तर रिक्षावाला आपल्याकडेच संशयाने पाहतो.

इथे कोणी म्हणेल, नागरी तरी कुठे निर्दोष आहे? मान्य. 'जग' हा शब्द घ्या. 'हे जग' म्हणताना ज निराळा आणि 'शंभर वर्षं जग' म्हणताना ज निराळा. आपण दोन्ही एकाच अक्षराने लिहितो. लिपी सुधारण्याचे प्रयत्नही थोर माणसांनी केलेले आहेत. स्वातंत्र्यवीर सावरकरांनी छपाई सोपी व्हावी म्हणून 'अ'ची बाराखडी सुचविली, विनोबांनी लोकनागरी मांडली. परंतु या दोघांनी घर दुरुस्त करायला घेतले होते. आपण तर घराला कुलूप लावून शेजाऱ्याच्या ओसरीवर पथारी टाकली आहे!

रोमनचा पुरस्कार करणारे सगळेच आळशी होते असे मात्र नाही. नेताजी सुभाषचंद्र बोस यांनी १९३८ च्या हरिपुरा काँग्रेसच्या अध्यक्षीय भाषणात रोमन लिपीचा विचार मांडला होता. तुर्कस्तानने १९२८ साली अरबी लिपी टाकून रोमन घेतली, ते त्यांनी जवळून पाहिले होते. त्यांच्या युक्तिवादाचा एक भाग असा की, नव्वद टक्के जनता निरक्षर आहे. तिला कोणतीही लिपी ठाऊक नाही, तेव्हा कोणती शिकवली याने तिचे काही बिघडत नाही. त्या काळी यात तथ्य होते. पण आज? २०११ च्या जनगणनेत महाराष्ट्रातील साक्षरता ८२ टक्क्यांवर पोहोचली. गावोगावच्या शाळांनी, रात्रीच्या वर्गांनी, खडू झिजवणाऱ्या मास्तरांनी मिळवलेली ही कमाई आहे, आणि ती कमाई नागरीतली आहे. आपण रोमन मराठी लिहितो तेव्हा नकळत या साक्षरांना पुन्हा निरक्षर ठरवतो.

हे मी पुस्तकातून शिकलेले नाही. माझ्या आजीने मला शिकवले.

माझी आजी संगमेश्वर तालुक्यातल्या एका वाडीत राहते. चौथी शिकलेली. पण तिचे वाचन चौथीचे नाही. पोथी वाचते, वर्तमानपत्र वाचते, पुडीचा कागदही सोडत नाही. दोन वर्षांपूर्वी बाबांचे ऑपरेशन झाले. सकाळी ठरलेले ऑपरेशन लांबत लांबत रात्री झाले. वाडीत रात्री फोन नीट लागत नाही. मी तीनचारदा प्रयत्न केला आणि शेवटी निरोप टाकला की, बाबा बरे आहेत, काळजी करू नकोस. घाईत होते. लिहिला रोमन अक्षरांत, नेहमीच्या सवयीने.

दुसऱ्या दिवशी सकाळी फोन लागला. आजीचा आवाज ओढलेला होता. मी म्हटले, "आजी, रात्री निरोप पाठवला होता ना मी?"

ती म्हणाली, "आला गो बाय. रात्रीच आला. पण विंग्रजीत होता ना! पाटलांचा झील सकाळी आला, तेव्हा त्याने वाचून दाखवला."

मित्रहो, तिच्या लेकाची खुशाली रात्रभर तिच्या मांडीवर पडून होती आणि तिला ती वाचता येत नव्हती! मजकुरातला एकही शब्द इंग्रजी नव्हता. निरोप तिच्या भाषेतला, लिहिणारी तिची नात, वाचायला येत असलेली बाई, आणि तरीही तिने रात्र जागून काढली. त्या दिवसापासून मी आजीला रोमन अक्षर पाठवलेले नाही.

आता दोन्ही प्रसंग शेजारी ठेवून पाहा. तालमीतल्या मुलाला अक्षरे येत होती, पण मराठी पुरती येत नव्हती; त्याला रोमनने दगा दिला. आजीला मराठी पुरती येत होती, पण ती अक्षरे येत नव्हती. तिला रोमनने बाहेर ठेवले. मग रोमन मराठी नीट वाचू शकतो कोण? ज्याला चांगले मराठीही येते आणि इंग्रजी अक्षरेही येतात, तोच. म्हणजे तुम्ही, आम्ही आणि आपल्यासारखे मूठभर. ज्यांना भाषा शिकायची आहे ते बाहेर, आणि ज्यांनी भाषा शिकवली तेही बाहेर! एवढ्या लहान खोलीत मराठी किती दिवस जगेल?

या विषयावर माझे एका मैत्रिणीशी बरेच भांडण झाले. ती जुहू कोळीवाड्याची, ख्रिस्ती कुटुंबातली. तिचे म्हणणे इथे नोंदवले नाही तर तो अन्याय होईल. ती म्हणाली, "आमच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या आमची मराठी बोलतात. पण शाळा सगळ्यांच्या इंग्रजी. आजीची गाणी आईने वहीत उतरवून घेतली ती रोमनमध्ये. तिने नागरी येईपर्यंत वाट पाहिली असती तर गाणी आजीबरोबरच गेली असती. तुझी लिपी मोठी की आमची गाणी?"

मी निरुत्तर झाले. आजही या प्रश्नाला माझ्याजवळ उत्तर नाही, आणि असावे असेही वाटत नाही. तिच्या आईची वही ही पुण्याई आहे. गोव्याकडे पाहिले तर तिचा मुद्दा आणखी पटतो. १८८९ साली निघालेले 'उदेंतेचें साळक' हे पहिले कोंकणी नियतकालिक रोमन लिपीतले, आणि ते निघाले कुठे, तर आपल्या पुण्यात! १८९२ साली पहिले तियात्र रंगभूमीवर आले ते मुंबईत. रोमी कोंकणीने नाटक दिले, कादंबरी दिली, प्रार्थना दिल्या. १९८७ च्या राजभाषा कायद्याने नागरी लिपीतली कोंकणी राजभाषा ठरली, तेव्हा रोमीत लिहिणाऱ्यांना आपण परके झालो असे वाटले. ते दुःख खोटे नाही.

पण रोमी कोंकणीत आणि आपल्या मोबाइलवरच्या मराठीत एक फरक आहे. रोमी ही शिस्तीची लिपी आहे. तिथे 'ण'साठी दोनदा एन लिहितात, 'श'साठी एक्स. नियम ठरलेले आहेत, शिकता येतात, शिकवता येतात. आपली रोमन ही लिपीच नव्हे, ती नुसती घाई आहे. एकाच वर्गातली पाच मुले 'आहे' हा शब्द पाच प्रकारांनी लिहितात. आणि दुसरे असे की, मैत्रिणीच्या आईला नागरी येत नव्हती म्हणून तिने रोमन घेतली. आपल्याला येते, आणि तरी आपण ती टाकतो. उपवास आणि उपासमार यांत फरक असतोच की.

असा प्रश्न फक्त आपल्यापुढे आहे असेही नाही. काळ्या समुद्राकाठी जॉर्जिया नावाचा देश आहे. लोकसंख्या चाळीस लाखांहूनही कमी. आपल्या उपनगर जिल्ह्याच्या निम्मीसुद्धा नाही. त्यांची लिपी त्यांची स्वतःची, ३३ अक्षरांची. त्यांच्याकडे 'त'सारखे दोन भिन्न उच्चार आहेत, त्यांना दोन भिन्न अक्षरे आहेत. घाईने रोमनमध्ये लिहिताना दोन्हींचा एकच टी होतो. अगदी आपल्या त-ट सारखे! पण १९७८ साली सोव्हिएत राजवटीत जॉर्जियन भाषेचा राजभाषेचा दर्जा काढण्याचे घाटत होते तेव्हा तिबिलिसीत हजारो लोक, त्यांत विद्यार्थी मोठ्या संख्येने, रस्त्यावर आले आणि सरकारला माघार घ्यावी लागली. २०१६ साली त्यांच्या लिपीपरंपरेला युनेस्कोच्या यादीत स्थान मिळाले. आपल्या मराठीला ३ ऑक्टोबर २०२४ रोजी अभिजात भाषेचा दर्जा मिळाला. आपण त्या आनंदाचे निरोप एकमेकांना पाठवले, आणि माझ्या फोनवर आलेले निम्मे निरोप रोमन अक्षरांत होते! यावर काय बोलावे?

लिपी हातची गेली म्हणजे काय होते, हे पाहायला जॉर्जियाला किंवा तुर्कस्तानला जायला नको. मोडी आठवा. पेशवाईचा कारभार, सावकारांच्या चोपड्या, घरोघरचे खरेदीखत मोडीत. १९१७ नंतर सरकारी कामकाजात बाळबोध आली आणि पुढे काही दशकांतच मोडी शाळेतूनही गेली. आज पुण्याच्या पेशवे दफ्तरात लाखो कागद आहेत आणि ते वाचणारे बोटांवर मोजावे इतके. भाषा मराठीच, पण आपल्याला आपल्याच पणजोबांचे पत्र वाचायला जाणकार शोधावा लागतो. मोडी गेली ती निदान दुसऱ्या सोयीच्या मराठी लिपीसाठी गेली. आपण नागरी घालवू ती कशासाठी?

उपदेश करण्याइतकी मी मोठी नाही. म्हणून तीन विनंत्या करते. पहिली, महाविद्यालयातील मराठी सूचना आणि एकांकिकांच्या संहिता नागरीतच फिराव्यात. जुहूच्या आसपास हिंदी चित्रपटांचे संवाद नटांना रोमन अक्षरांत लिहून देतात हे आपण ऐकतो. तो त्यांचा व्यवसाय. आपले रंगमंच तरी त्या वाटेने जायला नको. दुसरी, या सुट्टीत प्रत्येकाने नागरी कळफलक शिकावा. आठ दिवस बोटे अडखळतील, नवव्या दिवशी धावतील. तिसरी आणि सर्वांत महत्त्वाची, ज्याला नागरी जमत नाही त्याला हसू नये. त्याच्या शेजारी बसावे. आम्ही ते त्या दिवशी केले नाही.

पुढे काय झाले तेही सांगते. संहिता आम्ही नागरीत लिहून काढली. तो मुलगा पहिले चार दिवस अडखळला. पाचव्या दिवशी त्याने वाक्य म्हटले, "काळ आला होता, पण वेळ आली नव्हती." या वेळी ळ असा काही ठणठणीत उमटला की तालमीत कोणी हसले नाही. त्याने मला हळूच विचारले, "ताई, याचा अर्थ काय गं?" मी सांगितला.

मराठीवर काळ येऊन गेला की नाही, यावर पंडितांनी वाद घालावा. वेळ आलेली नाही, एवढे मला त्या मुलाकडे पाहून वाटले.